काळ्या जमिनीचा वाफसा आणि घोड्याच्या पायांचे आरोग्य : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

घोडा लंगडू लागला की त्याचा दोष सहसा नालेला, नालबंदाला किंवा जनावराच्या जातीला दिला जातो. ज्या जमिनीवर ते जनावर महिनोन्महिने फिरविले व पळविले गेले, तिची चौकशी क्वचितच होते. प्रस्तुत लेखात प्रशिक्षणाच्या जमिनीचा घोड्याच्या पायांवर होणारा परिणाम परभणी जिल्ह्याच्या संदर्भात विचारात घेतला आहे.

परभणीस शर्यतीचे मैदान नाही, मग या विषयाचे येथे प्रयोजन काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु जिल्ह्यात आणि लगतच्या भागात घोडा नाहीसा झालेला नाही. लग्नसराईत वरातीची घोडी आणि हलगीच्या ठेक्यावर नाचणारे घोडे यांवर अनेक कुटुंबांचा वर्षाचा हिशेब अवलंबून असतो. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीस सुरू होणारी नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी दूरवर प्रसिद्ध आहे. शेगावहून पंढरपूरला जाणारी श्री गजानन महाराजांची पालखी दर आषाढी वारीस परभणी आणि गंगाखेडवरून जाते व तिच्यासोबत अश्वही चालतात. ज्याच्या घरी एकच घोडी आहे, त्याच्या दृष्टीने तिचा एक पाय निकामी होणे म्हणजे संपूर्ण व्यवसाय बंद पडणे होय. दुखऱ्या पायाच्या जनावराला कामास जुंपणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमानुसार गुन्हाही आहे. त्यामुळे घोडा लंगडल्यावर काय करावे, यापेक्षा तो लंगडू नये म्हणून काय करता येईल, हा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो.

या प्रदेशाला घोडदळाचीही परंपरा आहे. १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच असलेल्या हिंगोली येथे, तसेच मोमिनाबाद म्हणजे आजच्या अंबाजोगाई येथे, हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या छावण्या होत्या. १९०३ मध्ये ही फौज ब्रिटिश हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाली. तिच्या घोडदळाचा वारसा आजच्या डेक्कन हॉर्स या चिलखती रेजिमेंटकडे आला. त्याही आधी मराठ्यांच्या फौजा पावसाळ्यात छावणीला राहत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेस निघत. याचे कारण नद्यांचे पूर आणि वैरणीची सोय असे सांगितले जाते, व ते योग्यच आहे. परंतु काळ्या चिखलात घोड्याचे पाय टिकत नाहीत, हा व्यवहारही त्यामागे असला पाहिजे. १० ऑगस्ट १७६३ रोजी ऐन पावसाळ्यात गोदावरीकाठी राक्षसभुवनची लढाई झाली. अशी उदाहरणे थोडी आहेत, आणि म्हणूनच ती लक्षात राहतात.

पायाची रचना आणि त्यावरील भार

घोड्याच्या पुढच्या पायाचा ज्याला आपण गुडघा म्हणतो, तो रचनेच्या दृष्टीने माणसाचे मनगट आहे. त्याखाली नळीचे हाड, मग खुरगाठ आणि शेवटी खूर येतो. म्हणजे घोडा प्रत्येक पायाच्या एकाच, मधल्या बोटाच्या नखावर उभा असतो. गुडघ्याखालच्या भागात स्नायू जवळजवळ नाहीतच. तेथे हाड, कंडरा, अस्थिबंध आणि त्वचा एवढेच असते. यामुळे पाय हलका होतो व वेग मिळतो. मात्र धक्का झेलण्यासाठी मांसाचा आधार उरत नाही, आणि झालेली इजा भरून येण्यासही फार वेळ लागतो, कारण कंडरांना रक्तपुरवठा अल्प असतो.

उभ्या घोड्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग पुढच्या दोन पायांवर येतो. भरधाव धावताना एका क्षणी एकच पुढचा पाय जमिनीवर असतो आणि त्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार पडतो. ३०० किलो वजनाच्या देशी घोड्याच्या बाबतीत हा भार ७५० किलोच्या घरात जातो, तर ४५० किलोच्या शर्यतीच्या घोड्याच्या बाबतीत तो ११०० किलोहून अधिक होतो.

हा भार एकदम पडत नाही, ही गोष्ट जमिनीचा विचार करताना महत्त्वाची आहे. खूर जमिनीला टेकताच काही सहस्रांश सेकंदांत तीव्र कंपने हाडांतून वर जातात. जमीन जितकी कठीण, तितकी ही कंपने अधिक तीव्र असतात. त्यानंतर खूर थोडा पुढे घसरतो. ही घसरण अगदीच झाली नाही तर पाय झटक्याने अडतो आणि सांध्यांना हिसका बसतो. ती फार झाली तर तोल जातो. मग संपूर्ण शरीर त्या पायावरून पुढे सरकते, खुरगाठ खाली दबते आणि मागील बाजूच्या कंडरा रबरासारख्या ताणल्या जातात. शेवटी खुराचे टोक जमिनीत रुतवून घोडा स्वतःला पुढे ढकलतो. म्हणजे एकाच पावलात जमिनीकडून चार निरनिराळ्या अपेक्षा असतात : तिने धक्का शोषावा, थोडे घसरू द्यावे, भाराखाली फार खचू नये आणि ढकलताना आधार द्यावा. या अपेक्षा परस्परविरोधी आहेत. त्या सर्व एकाच वेळी पूर्णपणे भागविणारी जमीन अस्तित्वात नाही.

कठीण जमिनीचे दुष्परिणाम मुख्यतः हाडे, सांधे व खूर यांवर दिसतात : नळीच्या हाडाच्या पुढच्या बाजूची वेदना, हाडावर उठणाऱ्या गाठी, खुराच्या आतील हाडांचा दाह, सांध्यांतील कूर्चेची झीज. खोल व भुसभुशीत जमिनीचे दुष्परिणाम कंडरा व अस्थिबंधांवर होतात. कारण खूर खचल्यावर पाय उपसून काढण्यास अधिक श्रम पडतात, स्नायू लवकर थकतात आणि थकलेल्या स्नायूंचा भार कंडरांवर येतो. भरधाव वेगात ही कंडरा स्वतःच्या लांबीच्या १६ टक्क्यांपर्यंत ताणली जाते. ही मर्यादा तुटण्याच्या बिंदूपासून फार दूर नाही. विल्सन व गुडशिप या संशोधकांनी १९९४ मध्ये धावत्या घोड्याच्या कंडरेच्या गाभ्याचे तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत जात असल्याचे दाखविले. पाय वरून शाबूत दिसत असताना आतील तंतू आणि पेशी कशा दुबळ्या होत असाव्यात, याची कल्पना यावरून येते.

येथे एक सर्वसाधारण समजूत तपासून पाहणे आवश्यक आहे. कठीण जमीन वाईट आणि मऊ जमीन चांगली, असे सर्रास मानले जाते. वस्तुतः हाड ही जिवंत ऊती आहे. पडणाऱ्या भारानुसार हाडाची रचना बदलते, हा सिद्धान्त युलिउस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने १८९२ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. सदैव गादीसारख्या जमिनीवर वाढविलेल्या घोड्याचे हाड कठीण जमिनीस तयार होत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील डेव्हिड नूनामेकर यांनी तरुण शर्यती घोड्यांच्या नळीच्या दुखण्याचा दीर्घकाळ अभ्यास केला. लांब अंतराच्या संथ दौडींऐवजी थोड्या अंतराची वेगवान दौड लवकर व मोजक्या प्रमाणात दिल्यास हाड योग्य दिशेने मजबूत होते, असे त्यांनी प्रतिपादन केले. दुसऱ्या बाजूस, रॅडिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दीर्घकाळ काँक्रीटवर चालविलेल्या मेंढ्यांच्या गुडघ्यांतील कूर्चा व हाड यांत बिघाड आढळला. दोन्ही निष्कर्षांत विरोध नाही. मोजका भार हाड घडवितो आणि अविरत भार ते झिजवितो.

हाडाची ही पुनर्रचना होताना आधी जुना भाग शोषला जातो आणि नंतर नवा भरला जातो. मधल्या काही आठवड्यांत ते हाड पूर्वीपेक्षा दुबळे असते. घोडा एका जमिनीवरून अचानक दुसऱ्या जमिनीवर नेला आणि काम मात्र तेवढेच ठेवले, तर बहुतांश इजा याच काळात होतात. म्हणून जमीन कठीण की मऊ यापेक्षा ती किती आणि किती लवकर बदलते, हा प्रश्न अधिक निर्णायक आहे.

काळ्या जमिनीचे वर्षचक्र

या कसोटीवर परभणीची काळी कापसाची जमीन फारच अवघड ठरते. बेसाल्ट खडकाच्या विदारणातून तयार झालेल्या या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण बहुधा निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. तीत स्मेक्टाइट गटातील खनिजांचे प्राबल्य असते. ही खनिजे पाणी शोषून फुगतात आणि पाणी गेले की आकसतात. त्यामुळेच उन्हाळ्यात या जमिनीला हात जाईल एवढ्या रुंद आणि कधी मीटरभर खोल भेगा पडतात, वरची माती त्या भेगांत पडते, आणि पावसाळ्यात सर्व पुन्हा फुगून एकजीव होते. काळी जमीन स्वतःला नांगरते, असे म्हणतात ते यामुळेच. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा गुण आहे. घोड्याच्या दृष्टीने मात्र वर्षभरात त्याच्या पायाखाली तीन निरनिराळ्या जमिनी येऊन जातात.

पावसाळ्यात ही माती खुराला चिकटते. नालेच्या पोकळीत चिखलाचा गोळा घट्ट बसतो, खुराच्या तळाचा त्रिकोणी गादीसारखा भाग जमिनीला टेकेनासा होतो आणि पकड नाहीशी होते. पाय उपसताना चिखल खूर खाली ओढतो. नाल निसटण्याचे प्रकार याच दिवसांत वाढतात. सतत ओलाव्यात उभ्या राहणाऱ्या जनावराचा खूर मऊ पडतो, तळ कुजतो, टाचेच्या मागील कातडीला चिरा पडतात. याचा दोष धावपट्टीला देता येणार नाही; तो तबेल्यातील जमिनीचा आहे. परंतु पायाच्या दृष्टीने तबेल्यात उभे राहण्याचे वीस-बावीस तासही प्रशिक्षणाचाच भाग असतात.

उन्हाळ्यात याच्या उलट होते. पावसाळ्यात घोडा फिरवून खुरांचे जे खड्डे पडलेले असतात, ते तसेच विटेसारखे वाळतात. अशा जमिनीवर खूर कधीच सपाट टेकत नाही. एक बाजू आधी टेकते आणि खुरगाठ आडवी मुरगळते. शिवाय भेगा असतात, आणि त्या भुसभुशीत मातीच्या पातळ थराखाली लपलेल्याही असतात. वाळलेल्या पडीक काळ्या जमिनीवर घोडा पळविणे हा माझ्या मते या जिल्ह्यातील सर्वांत घातक प्रकार आहे. ‘शेतच तर आहे, डांबर थोडेच आहे’ असे म्हणून तो सर्वांत निर्धोक समजला जातो, हे दुर्दैव होय.

या दोन टोकांच्या मध्ये जी स्थिती येते, तिला आपल्या शेतकऱ्याने फार पूर्वीच नाव दिलेले आहे. ते म्हणजे वाफसा. जास्तीचे पाणी निचरून गेलेले, हवा खेळती असलेली, मूठभर माती दाबली तर गोळा होतो पण बोटाने टोकरल्यावर फुटतो, अशी ती अवस्था होय. या अवस्थेत माती औताला चिकटत नाही आणि तिची ढेकळेही निघत नाहीत. खुरालाही नेमकी हीच जमीन मानवते. ती धक्का शोषते, बेताने घसरू देते आणि भाराखाली फार खचत नाही. परभणीत पावसाळ्यातील उघडिपीचे दिवस आणि ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ यासाठी अनुकूल असतो. लग्नसराईचा मुख्य भर मात्र त्यानंतर, जमीन कठीण झाल्यावर येतो, ही येथील व्यावहारिक अडचण आहे.

डांबर, सिमेंट, मुरूम आणि वाळू

वरातीचा घोडा प्रत्यक्षात काम करतो तो डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्यावर. येथे धक्का शोषला जात नाही, आणि लोखंडी नाल गुळगुळीत पृष्ठभागावर घसरते. नाचणाऱ्या घोड्याची स्थिती अधिक बिकट असते. तो एकाच जागी वारंवार पाय आपटतो, मागच्या दोन पायांवर उभा राहतो, आणि हे तासन्‌तास चालते. वेग नसल्याने त्याच्या पायांवर ताण नसावा असे वाटते. तथापि आघातांची संख्या आणि पृष्ठभागाचा कठीणपणा लक्षात घेता सांध्यांच्या झिजेस हीच परिस्थिती पोषक आहे. असे शिक्षण बहुधा कोवळ्या वयातच सुरू होते, तेव्हा हाडांची वाढ पूर्ण झालेली नसते. निदान शिकविण्याचे काम तरी मातीवर करावे आणि रस्ता फक्त प्रत्यक्ष वरातीपुरता ठेवावा, एवढी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

पक्क्या पृष्ठभागाचा प्रश्न केवळ परभणीचा नाही. माथेरानला मोटारींना बंदी असल्याने घोडा हे तेथील वाहतुकीचे प्रमुख साधन राहिले आहे. तेथील जांभ्या मातीच्या रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक बसविण्यास सुरुवात झाली, तेव्हा त्यांवरून घोडे घसरतात, असा आक्षेप अश्वपालांनी घेतला. मातीची धूप थांबविणे आणि ई-रिक्षांची सोय करणे हा दुसऱ्या पक्षाचा मुद्दाही निराधार नव्हता. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ऑगस्ट २०२५ मधील आदेशात दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य मार्गावर ब्लॉक मान्य करण्यात आले, अंतर्गत रस्त्यांवर मात्र नाही. खुराखालच्या जमिनीचा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायासनापुढे यावा, ही घटना नोंद घेण्यासारखी आहे.

मुरूमाचा दाबलेला रस्ता डांबरापेक्षा निश्चितच बरा, मात्र त्यावरील सुटे खडे खुराच्या तळाला जखम करतात. वाळूविषयी गैरसमज अधिक आहेत. गोदावरी किंवा पूर्णेच्या पात्रातील कोरड्या, खोल वाळूत घोडा पळविल्याने त्याचे पाय बळकट होतात, असे अनेक जण मानतात. चालीने थोडा वेळ फिरविण्यास हरकत नाही, परंतु तेथे वेगाने दौडविणे म्हणजे कंडरांना संकटात टाकणे होय. पाण्यालगतची ओलसर, दबलेली वाळू मात्र चांगली असते. तीच वाळू, फक्त ओलावा निराळा. आणि पायावरचा परिणाम पूर्णतः वेगळा. अर्थात उपशामुळे नदीपात्रात वाळूच किती उरली आहे, हा वेगळा विषय आहे.

धावपट्ट्यांचा अनुभव

ओलाव्याचे हे महत्त्व मोठ्या मैदानांनाही महागात पडून कळले आहे. कॅलिफोर्नियाच्या अश्वशर्यत मंडळाने २००६ मध्ये प्रमुख मैदानांना २००७ अखेर कृत्रिम धावपट्टी बसविणे बंधनकारक केले. वाळू, धागे व मेण यांच्या अशा मिश्रणावर प्राणघातक अपघात कमी होतात, असे पुढे अमेरिकेतील आकडेवारीतही दिसून आले. परंतु सांता अनिता मैदानावरील पट्टीतून पाण्याचा निचराच होईना, आणि २०१० मध्ये तेथे पुन्हा मातीची धावपट्टी आली. त्याच मैदानावर डिसेंबर २०१८ ते जून २०१९ या हंगामात ३० घोडे मरण पावले. त्या हिवाळ्यात पाऊस असाधारण झाला होता, आणि पाणी मुरू नये म्हणून पट्टी वारंवार दाबून बंद केली जात होती. चौकशीत कोणतेही एकच कारण सिद्ध झाले नाही. मात्र तपासलेल्या घोड्यांपैकी जवळजवळ सर्वांच्या मोडलेल्या हाडांत आधीपासूनच बिघाड असल्याचे आढळले. म्हणजे हाड मोडले एका दिवशी, पण ते दुबळे होत होते कित्येक आठवडे.

आपल्याकडे मुंबईचे महालक्ष्मी मैदान १८८३ पासून आहे. तेथील शर्यती हिवाळ्यात होतात, तर पावसाळ्यातील हंगाम पुण्यास भरतो. शर्यतीच्या दिवशी ठराविक वजन ठराविक उंचीवरून एका सळईवर टाकून ती जमिनीत किती शिरते हे मोजतात आणि तो आकडा जाहीर करतात. हे साधन अत्यंत साधे आहे. कोणत्याही महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागाला ते स्थानिक लोहाराकडून करून घेता येईल.

वाफसा पाहून प्रशिक्षण

परभणीस १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. २०१३ मध्ये त्याला वसंतराव नाईक यांचे नाव देण्यात आले. पशुवैद्यक महाविद्यालयही येथेच आहे. काळ्या जमिनीतील ओलाव्याचा अभ्यास एका संस्थेत होतो आणि लंगडणारे जनावर दुसऱ्या संस्थेत येते. हे दोन्ही विषय एकत्र आणण्यासाठी याहून सोयीचे स्थान शोधूनही सापडणार नाही.

तूर्त घोडेवाल्याला करता येण्याजोग्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. फिरविण्यासाठी एक पट्टा कायम राखून ठेवावा. तो उंचवट्यावर, निचऱ्याचा असावा. वाफसा येताच त्यावर वखराची हलकी पाळी घालावी. मोठ्या मैदानांवर ट्रॅक्टरमागे दाते ओढून जे केले जाते, त्याचेच हे रूप आहे. भुसभुशीत थर तीन-चार बोटांहून खोल नसावा आणि त्याखालचा थर सर्वत्र सारखा घट्ट असावा. उन्हाळ्यात आदल्या संध्याकाळी पाणी शिंपडून सकाळी घोडा काढावा. पाणी कोठे जास्त व कोठे कमी पडू नये, कारण एकाच फेरीत कठीण व मऊ तुकडे आलटून पालटून येणे हे सलग कठीण जमिनीपेक्षाही वाईट असते. पाऊस पडल्यावर पट्टा तुडवू नये. वाफसा येईपर्यंत घोडा मुरूमाच्या रस्त्यावर केवळ चालीने न्यावा. ज्याला पक्का पट्टा करावयाचा आहे, त्याने काळी माती हातभर उकरून काढून दाबलेला मुरूम व त्यावर वाळूचा थर द्यावा. काळ्या मातीवर थेट वाळू पसरली तर पहिल्याच पावसाळ्यात ती खाली गिळली जाते. लाकडाच्या तुकड्यांच्या पट्टीवर तरुण घोड्यांच्या नळीचे दुखणे कमी आढळल्याचा अमेरिकेतील अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. पऱ्हाटीचे तुकडे आपल्याकडे विपुल मिळतात. ते आपल्या पावसात किती टिकतात आणि कुजल्यावर किती निसरडे होतात, हा पदव्युत्तर प्रबंधाचा चांगला विषय होऊ शकेल.

सर्वांत अधिक सावधगिरी मृगाच्या पहिल्या पावसानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत बाळगावी लागते. चार महिने विटेसारख्या कठीण जमिनीवर आणि डांबरावर झिजलेला पाय तेव्हा एकाएकी चिखलात उतरतो. कोरडा, ठिसूळ झालेला खूर पाणी शोषून मऊ पडतो आणि खिळ्यांची पकड सैल होते. या दिवसांत दौड पूर्ण थांबवावी, नाला तपासून घ्याव्यात आणि रोज सकाळी दोन्ही पुढच्या पायांच्या नळीमागून हात फिरवून पाहावा. एका पायाची कंडरा दुसऱ्यापेक्षा गरम किंवा जाड लागली, तर घोडा लंगडत नसला तरी त्या दिवशी त्याला बाहेर काढू नये आणि पशुवैद्यकास दाखवावे.